घरी सोडण्याआधी

धाकट्या,

तुला खूप आशीर्वाद. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, एवढं आईला आधी खुणेने सांग. तिचे गुडघे कसे आहेत? तुझं शिवणकाम?

इथे प्रसूतीच्या वॉर्डात बाळाला घरी सोडण्याआधी कपाळाला छोटं यंत्र लावून कावीळ मोजतात. बाळ किती तासांचं आहे ते पाहून आकडा तक्त्यावर मांडला, की ती पुढे वाढेल का याचा अंदाज येतो. ते काम माझ्याकडे आहे.

सोमवारी दोन दिवसांच्या एका मुलीचा आकडा बराच वर निघाला. जन्मली होती दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, पण दिसायला टवटवीत. बाप पिशव्या घेऊन दारात उभा. म्हणाला, "सिस्टर, बाळ चांगलं तर आहे. उगाच कशाला अडवता?"

मी म्हटलं, "माझा भाऊही असाच चांगला दिसत होता. घरी नेल्यावर कावीळ मेंदूत गेली. त्याला ऐकू येत नाही."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. तुझी गोष्ट परक्याला सांगितली, रागावू नकोस.

संध्याकाळपर्यंत आकडा आणखी चढला. दोन दिवस तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, तेव्हा उतरला. आज कान तपासले, दोन्ही चांगले आहेत. मी हात धुवायच्या खोलीत जाऊन रडले.

आई अजून म्हणते ना, माझ्याच दुधात काही कमी पडलं? तिची चूक नव्हती रे. तुझ्या वेळी कुणी मोजलंच नाही. माझं ती ऐकत नाही. तू तिला जवळ बसवून सांग, तुझ्याकडून आलं तर तिला पटेल.

तुझीच,
ताई