पिवळ्या पट्ट्यांची वाट

प्रिय पोरी,

एका छपराखाली राहून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय, म्हणजे दवाखान्यात जेवायला बसशील तेव्हा हाती पडेल. तोंडाने सांगायला गेले की तू भांडी घासायला घेतेस. मी नुसतं 'चष्मेवाले' म्हणायचा अवकाश, की नळ सुरू! परवा तर घासून पालथी घातलेली पातेली तू पुन्हा घासलीस. असो. चष्मेवाल्यांनी तुला लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस, हे मला कळलंय. कसं कळलं ते पुढे येईलच. आधी रविवारचं ऐक. रविवारी मी शेजारणीकडे बसले होते असं तुला सांगितलं, ती थाप होती.

रविवारी तुझी ड्यूटी होती. तू जिना उतरलीस, तशी मी बूट चढवले, पाण्याची बाटली घेतली आणि कोपऱ्यावरून आपली जंगलाची बस धरली. एकटीने. नेहमीचाच ड्रायव्हर होता, तो मिशीवाला. आरशातून बघत म्हणाला, "आज आजी एकट्याच? ताईंशी भांडलात वाटतं?" मी म्हटलं, "भांडायला ती घरात सापडायला नको का?" सगळी बस हसली. मीही हसले आणि बाटली मांडीवर घट्ट धरून बसले. गोदामं गेली, गाड्या धुवायची जागा गेली आणि मग वळणावर एकदम झाडंच झाडं सुरू झाली. शेवटच्या स्टॉपवर सगळ्यांच्या मागून उतरले.

फाटकातून आत शिरताना म्हटलं, त्यात काय, पायाखालची तर वाट. आणि जरा पुढे जाते तो काय, एका वाटेच्या दोन वाटा! मी आपली खांबासारखी उभी. पोरी, शपथेवर सांगते, ती जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. इतकी वर्षं मी जंगलात चालले ती तुझ्या पाठीमागून. तू पुढे, मी मागे, आणि ओढ्यावरचा लाकडी पूल येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा तुझा कायदा. मग मी बघणार काय? तुझं जाकीट. त्याच्या पाठीवरची टीप डावीकडे कुठे घसरलीय, कारखान्यातल्या शिवणाऱ्याने कुठे घाई केलीय, सगळं मला तोंडपाठ. पण ओढा डावीकडे की उजवीकडे विचारशील, तर आनंदी आनंद.

तुझा तो कायदा का होता ते मला त्याच पहिल्या रविवारी कळलं होतं. माझा लेक, तुझा नवरा, तो गेला, आणि घरात आपण सासू-सून दोन बायका उरलो. बोलायला तोंड उघडलं की रडू, म्हणून दोघीही गप्प. मी दुकानात शिलाई मशीनपुढे बसायची, पाय पायट्यावर, आणि सुईत दोरा नाही हेसुद्धा ध्यानात यायचं नाही. लोकांच्या विजारी, झगे, गाद्यांचे अभ्रे नुसते साचत होते. तेव्हा एका सकाळी तू त्याचे बूट माझ्यापुढे ठेवलेस, दोन मोज्यांवर माझ्या पायात कोंबलेस आणि म्हणालीस, "आई, चला. बोलायचं काही नाही. फक्त घाम काढायचा." त्या चढावर मला किती धाप लागली होती! तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, पण माझे पाय थबकले की तुझेही थबकत. पुलावर पोचल्यावर तू पाणी दिलंस आणि मग आपण दोघी कठड्याला टेकून पोटभर रडलो. एक कुत्रं फिरवणारा गृहस्थ बिचारा आल्या वाटेने परत फिरला. घरी येऊन मी सुईत दोरा ओवला. माझं पुढचं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं, आणि ते तू सुरू केलंस. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्या घरात उसवलेलं शिवून देतात, बोलून दाखवत नाहीत.

तर मी त्या दुवाट्यावर उभी. तेवढ्यात बाजूने एक बाई झपझप पुढे गेली आणि तिच्या राखाडी जाकिटावर, खांद्याच्या जरा खाली, मला एक ठिगळ दिसलं. पानाच्या आकाराचं, कडेने बारीक उलटी टीप. अगं, माझं ठिगळ! शिवणकाम मला कुणी शिकवलं नाही, जुने कपडे उसवून उसवून मी ते शिकले. त्यामुळे माझी टीप म्हणजे माझीच, दुसऱ्या कुणाला तशी वाकडी जमणार नाही. मी म्हटलं, चला, ओळखीचं माणूस भेटलं! आणि लागले मागे. आता ठिगळ ओळखीचं म्हणजे वाट ओळखीची असं थोडंच असतं? पण सवय म्हणतात ती ही. चांगली दोन वळणं, एक चढ, करवंदीसारख्या काटेरी जाळ्या, मी आपली पाठीवर डोळे लावून चाललेय. शेवटी ती गर्रकन वळली. "आजी, मघापासून माझ्या मागे का येताय?" मी म्हटलं, "तुमच्या नाही बाई, ठिगळाच्या." तिला आधी वाटलं म्हातारी चळली. मग ओळख पटली. पावाच्या भट्टीवर कामाला असते ती, खिळ्यात अडकून फाटलेलं जाकीट मागे माझ्याकडे घेऊन आली होती. हसता हसता खालीच बसली. तिला जायचं होतं जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, बहिणीच्या घरी. म्हणजे मी आणखी थोडी चालले असते तर परक्या घरी पाहुणी!

ती भली बाई म्हणाली, "चला, बसपर्यंत सोडते." मी हात जोडले. म्हटलं, सोडू नका, तुम्ही सोडलंत तर माझं सगळं मुसळ केरात. नुसतं सांगा, माणसं इथे वाट ओळखतात तरी कशी? तेव्हा तिने झाडाकडे बोट केलं. बुंध्यावर पिवळा पट्टा. बसकडे जायचं तर पिवळा, ओढ्याकडे निळा. आणि मी, शहाणी, इतकी वर्षं समजत होते की ज्या झाडांना रंग लावलाय ती तोडायची आहेत! दर रविवारी मनातल्या मनात त्या झाडांचा निरोप घेत होते. ती झाडं म्हणत असतील, ही बाई अशी कळवळून का बघते?

मग मी एकटी परत निघाले. एक पट्टा दिसला की त्याच्यापाशी जायचं, तिथे उभं राहून दुसरा शोधायचा. एका ठिकाणी वेलीने पट्टा झाकला होता, तिथे मी गोल गोल फिरत राहिले. उंच झाडं, पानांचा खच, माणसाची चाहूल नाही. लेकाच्या आठवणीने एकदा डोळे भरले, पण पट्टा दिसेना म्हणून लगेच पुसले. आणि मग वेलीमागून पिवळं डोकावलं! दुवाट्यावर पोचले तेव्हा बस गाठून घरी यायला हरकत नव्हती. पण मी निळा धरला. पुलापर्यंत गेले, कठड्याला टेकले, पाणी प्यायले, आणि पिवळ्यावरून परत आले. पहिल्यांदाच मी ते जंगल पाहिलं, पोरी. काय सुंदर आहे गं! सुतारपक्षी, ओढ्यातले हिरवे दगड, उतारावर वाऱ्याने एकदम चमकणारी पानं. तू दर रविवारी एवढं सगळं बघत होतीस होय?

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. गेल्या आठवड्यात चष्मेवाले माझ्या दुकानात आले, एक पॅन्ट आखूड करायला घेऊन. मी माप घेतलं. पॅन्ट अगदी बेताची. म्हटलं, "आखूड केली तर पोटऱ्या दिसतील, चालेल?" माणूस लाजून लाल झाला. मग हळूहळू बोलला. चष्म्यांचं दुकान दुसऱ्या गावी हलवतोय, गाडीने अर्ध्या दिवसाची वाट, तुला विचारलं, आणि तू काय म्हणालीस? "आईंना रविवारी जंगलात कोण नेणार? त्या एकट्या वाट चुकतात." तुझी तक्रार नाही केली त्यांनी. उलट म्हणाले, कारण इतकं चांगलं आहे की रागही येत नाही. मला मात्र आला. म्हणून मी रविवारी जंगलात गेले. वाट चुकले, हे तुझं खरं ठरलं. पण परत आले, हेही लिहून ठेव. ते कारण आता संपलं. तुझ्या मनात दुसरं काही असेल, तो माणूसच तुला नको असेल, तर तसं सांग, मी पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही. पण माझं नाव पुढे करून तुझं आयुष्य अडवू नकोस. तू मला उभं केलंस ते तुझ्या गळ्यात पडायला नाही. आज संध्याकाळी ते पॅन्ट न्यायला येणार आहेत. मी तिला कात्री लावलेली नाही, नुसती इस्त्री करून फळीवर ठेवलीय. दुकानाची किल्ली पिशवीतच आहे, डब्याखाली. मी त्या वेळी दुकानात नसेन. पॅन्ट तूच दे.

तुझीच, आणि तू कुठेही गेलीस तरी तुझीच,
आई