बंद पंपामागची विहीर

दारव्हा
दि. २० नोव्हेंबर २००५

चि. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करणार होतो, पण मी बोलायला लागलो की तुझी आई मागून बोलते आणि माझं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. मारेगावची सोयरीक मी मोडली.

प्रफुल्ल तुला पसंत होता हे मला ठाऊक आहे. तो तुला पाहायला आला तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पण आम्ही सहा माणसं जीपमध्ये कोंबून, उन्हातान्हात त्यांचं घर पाहायला गेलो, आणि त्याच्या आईनं, तुळसाबाईंनी, पाण्याचं विचारलंसुद्धा नाही. थेट चहा आणला, तोही अर्धा अर्धा कप. अंगणात बांधीव विहीर आणि पाहुण्याला घोटभर पाणी नाही! परतताना तुझे मामा म्हणाले की दुश्मनालेही लोक आधी पाणी देतात. मी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला.

तसंही ते घर मला रुचलं नव्हतं. शेजारी रस्त्याकडेचा, गाड्यांत डिझेल भरायचा बंद पडलेला पंप, आणि अंगणभर रॉकेलसारखा वास.

इकडे सगळे बरे आहोत. कापूस अजून घरातच आहे. तुझ्या दादाचा आयुष त्यावर लोळतो आणि मग अंग खाजवत आजीकडे तक्रार करतो. तब्येत सांभाळ, जेवण टाळू नकोस, आणि आम्हांवरची माया अशीच राहू दे.

तुझे बाबा,
पुंडलिक

यवतमाळ
दि. ४ डिसेंबर २००५

तीर्थरूप बाबांस,
निकिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी बसून घ्या. मी मारेगावला जाऊन आले, त्याच घरी. तुमचं पत्र वाचलं आणि मामांच्या संतापापेक्षा तो वासच डोक्यात राहिला. आमच्या भूजल तपासणीच्या कामात असा वास आला की आम्ही पहिला संशय जमिनीत पुरलेल्या टाकीवर घेतो. साहेबांना खरं ते सांगितलं, की त्या घराशी माझी सोयरीक होता होता मोडली. ते म्हणाले, मोडली ना, मग तपासायला हरकत नाही.

पंप बंद झाला तेव्हा मालकानं वरची यंत्रं तेवढी नेली. टाक्या डिझेलसकट जमिनीतच राहिल्या आणि गंजून गळायला लागल्या. आम्ही ठिकठिकाणी गिरमिटानं खोल भोकं पाडून माती काढली. पंपाच्या वरच्या अंगाला चांगली काळी माती निघाली. खालच्या अंगाला, त्यांच्या विहिरीकडे, मातीचा रंग करडा आणि नाकाला झोंबेल असा वास. विहिरीतून बादली शेंदली तर पाण्यावर तेलाचा तवंग.

तुळसाबाई प्यायचं पाणी शाळेजवळच्या हापशीवरून डोक्यावर आणतात. तुम्ही गेलात त्या दिवशी घरात पाणी होतं ते तेवढंच, ते त्यांनी चहाला घातलं. कारण सांगायची सोय नव्हती. याआधी दोन सोयरिकी विहीर पाहून मोडल्या होत्या. मला हे सांगताना त्या रडल्या, आणि आपण त्यांना काय काय बोललो ते आठवून मला लाज वाटली.

आता माझी अडचण. अहवालावर माझी सही आहे. पंपमालकाला टाक्या उकरून काढाव्या लागतील, पण मातीत मुरलेलं निवळायला वर्षं जातील. तोवर विहिरीवर फलक लागेल, की पाणी वापरू नये. गुरांनाही नाही. आजवर झाकलेली गोष्ट गावभर होईल, मग त्या घरात मुलगी कोण देणार? प्रफुल्ल दिवसभर माझ्याबरोबर गिरमिट फिरवत होता. मी काय लिहिणार हे त्याला कळत होतं, तरी एका शब्दानं त्यानं मला अडवलं नाही. बाबा, मला तो आवडतो. हे फोनवर, आई मागे उभी असताना, मला सांगता आलं नसतं.

तुम्ही एकदा जाऊन याल का? त्यांना मी आता नकोशी झाले असेन, तर तेही ऐकायची माझी तयारी आहे. आईला नमस्कार, आयुषला पापा. चुकले असेन तर रागवा, पण अंतर देऊ नका.

तुमची,
निकिता

दारव्हा
दि. १९ डिसेंबर २००५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

काल मारेगावला जाऊन आलो. मामांना मुद्दाम नेलं नाही. फलक लागला आहे, रस्त्यावरूनही दिसतो.

तुळसाबाई माझ्यावर चांगल्याच कडाडल्या. म्हणाल्या की तीन वर्षं मी झाकलं अन् तुमच्या पोरीनं गावभर केलं, आता मले कोन सून देते? मी हात जोडून म्हणालो की मीच द्यायला आलो आहे. आधी त्यांना खरंच वाटेना. मग म्हणाल्या की पोरगी शिकली-सवरलेली, तिले हे घर काहून देता? इथं तर पानी डोक्यावर आना लागते.

मी कबूल केलं की निकिताला डोक्यावर घागर घ्यायची सवय नाही, कधी घेतलीच नाही. त्यांनी शेजारी उभ्या प्रफुल्लकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या की तिले कायले शिकवता, दोघांचं आनतच हाव मी, तिघांचं आनीन.

तुला न विचारता होकार देऊन आलो, त्याचा राग धरू नकोस. तुझ्या आईला आज सांगतो. तुझं सगळं चांगलं होवो.

तुझे बाबा,
पुंडलिक