भिंतीकडे तोंड करून

प्रिय भुंगाबाई,

एवढी मोठी झालीस, वाद्यवृंदाच्या निवडीला निघालीस, तरी बाप अजून भुंगाबाईच म्हणतो म्हणून नाक मुरडशील. खुशाल मुरड. रागावली आहेस हे मला ठाऊक आहे. फोन आला की आईशी भरभरून बोलतेस आणि 'बाबांना विचारलंय म्हणून सांग' एवढ्यावर माझी बोळवण करतेस. काल आईकडून कळलं, की नवीन फ्लूट घ्यायचा विचारच तू सोडून दिलास आणि निवडीला जुन्यावरच वाजवणार आहेस. तुझ्या फ्लूटच्या बाईंनी परोपरीनं समजावलं, शिकाऊ वाद्यावर तिथे निभाव लागणार नाही म्हणाल्या, तरी तू हटून बसलीस. बाबांच्या कानाला जे पटलं तेच खरं, असं म्हणालीस म्हणे. 

माझ्या कानाला तू हे एवढं मानाचं पान कधी दिलंस, सांगू? लहानपणी फ्लूट वाजवताना कोणी बघत असलं की तुझा श्वासच अडकायचा. आई बघते म्हणून रडायचीस, मी बघतो म्हणून पाय आपटायचीस. शेवटी मी स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. म्हटलं, वाजव आता, मी इथे नाहीच. तेव्हापासून तो आपला रिवाजच पडला. जमलं की मी 'हं' म्हणायचो, चुकलं की नुसती मान खाजवायचो. छापखान्यातल्या मशीनवर जन्म काढलेला माणूस मी, मला सुरातलं काय डोंबल कळतंय? पण तू जरा घसरलीस की मानेला खाज सुटायची हे मात्र खरं. आईला वाटायचं, बापलेकीचं डोकं फिरलंय. घरात पाहुणे आले तरी मी आपला भिंतीकडे तोंड करून, आणि पाहुणे चहा घेता घेता माझ्या पाठीकडे बघतायत.

त्या दिवशी बाईंना घेऊन आपण नवा फ्लूट बघायला गेलो, तर दुकानातही तेच. दुकानदारानं मखमलीवर तीन फ्लूट मांडले. एकाचा तोंडाकडचा भाग चांदीचा, दुसऱ्याची बटणं मधोमध भोक पाडलेली, तिसऱ्याची नळी खाली बोटभर लांब. (तू कीज म्हण, मी बटणंच म्हणणार.) भोकाच्या बटणांवर पेर जरा सरकलं तरी हवा निसटते, म्हणून तू नखं कापून आली होतीस. आणि काय लख्ख दिसत होतीस गं. बाई म्हणाल्या, तीन नवे आणि तुझा जुना, चारही फ्लूटवर एकच धून वाजव, कुठला कधी ते बाबांना सांगू नकोस. मी स्टूल फिरवलं. दुकानदाराला वाटलं, मी रुसलोच. चौथा वाजवून झाल्यावर मी छातीठोकपणे म्हणालो, 'तिसरा.' वळून बघतो तर तुझ्या मांडीवर चौथा आणि हातात उचलून धरलेला तिसरा, तुझाच जुना, बटणं खिळखिळी झालेला. बाई जमिनीकडे बघत होत्या. दुकानदार उगाच काच पुसायला लागला. तू सगळं जागच्या जागी ठेवलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'बाबा, तुम्हाला मी पुढे गेलेली नकोच आहे ना?'

मग आपण दोघं बसनं घरी निघालो. तू बसच्या खिडकीतून बाहेर बघत होतीस, मी तुझ्या कानामागच्या बटांकडे. तुला जवळ घ्यावं असं फार वाटलं. घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तू हॉस्टेलवर परत गेलीस.

पोरी, तू पुढे गेलेली मला नको, हे तुझ्या मनात आलं कसं? अगं, माझं दुसरं आहे तरी कोण? त्या दिवशी तू खालचे सूर वाजवत होतीस तोवर सगळं ठीक होतं. मग तू वर चढलीस आणि वाजायचं थांबलं. मला वाटलं, दम घेतेस. दुसऱ्या वेळीही तेच. मी वाट बघत बसलो. तिसऱ्या वेळी सूर गेला, पण बटणांची खटखट येत राहिली, आणि तेवढ्यावरून मला कळलं, की तू अजून वाजवते आहेस. चौथ्याला पुन्हा सगळं चिडीचूप. म्हणून तिसरा म्हणालो. त्या एकावरच तू मला ऐकू आलीस. बाईंसमोर आणि त्या परक्या माणसासमोर हे सांगायला माझी जीभ रेटेना. आई गेल्या आठवड्यात मला कानाच्या डॉक्टरांकडे धरून घेऊन गेली. ते म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही, आणखी जाईल, यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं कळेल. मी विचारलं, माझी मुलगी फ्लूट वाजवते, तेवढं तरी? ते आईकडे बघत राहिले. फोनवर हल्ली माझे शब्द निसटतात, म्हणून हे पत्र. आईला मीच सांगितलं होतं, तुला बोलू नकोस. माझ्या निवडीवर जाऊ नकोस, राणी. बाईंना आवडलेला तो चांदीच्या तोंडाचा फ्लूट मी दुकानदाराला राखून ठेवायला सांगितलाय. तोच घे, त्यावरच वाजव. आणि वरचे सूर त्यावर कसे लागतात, ते मला लिहून कळव. घाई करू नकोस, नीट लिही, मला कळेल असं.

तुझाच,
बाबा