सोमवारची फ्लॉपी

सर, तुम्ही माझ्यावर एकदाच रागावलात आणि त्या दिवशी मला आळशी म्हणालात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, मी पन्नाशी ओलांडली, तरी तो शब्द माझ्याकडं तसाच आहे. राग नाही माझा. पण त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं राहून गेलं, आणि तुम्ही बोलायची सोयही ठेवली नाही. म्हणून लिहायला बसले.

साल चौऱ्याण्णव. परभणीतलं आपलं ते बियाण्यांच्या अभ्यासाचं चार खोल्यांचं ऑफिस. मी नवी टायपिस्ट, तुम्ही तिथले सगळ्यात जुने. एसटीनं बोरी, पालमकडची गावं पालथी घालायचात, म्हाताऱ्या बायकांकडून जुन्या ज्वारीची नावं काढून आणायचात. कुठलं बी किती दिवस टिकतं, कुठल्या ज्वारीची भाकरी गोड लागते, सगळं. मग माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून सांगत बसायचात आणि मी कॉम्प्युटरवर उतरवायची. सांगून झालं की गावात टिपून आणलेल्या चिठ्ठ्या टराटरा फाडायचात. "मशीनमधी गेलं की आता. कागद कशाला सांभाळायचा?" मला त्या फाडण्याची धास्ती वाटायची, पण तुमच्यापुढं कोण बोलणार!

हार्ड डिस्क नावाची चैन आपल्या मशीनला नव्हती. सगळं फ्लॉपीवर. सहा फ्लॉप्या, सोमवार ते शनिवार, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात वार लिहिलेला. रोज सकाळी कालच्या फ्लॉपीवरचं आजच्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं आणि दिवसभर तीच वापरायची, हा तुमचा नियम. मी विचारलं, एकच वापरली तर काय बिघडतं? तर म्हणालात, "आमचा बाप मोटेचा नाडा दर साली उलटा करून बांधायचा, पोरी. घासणं एकाच टोकाला होत राहिलं की नाडा तुटतो, अन् मोट विहिरीत."

एप्रिलात आपली मोट विहिरीत गेली. मशीन फ्लॉपी वाचेना. तुम्ही कपाटातून बाकीच्या पाच काढून बघितल्या, तर त्यांच्यावर फेब्रुवारीपर्यंतचंच होतं. दोन महिने मी सोमवारचीच फ्लॉपी वापरत होते. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात. "कपाट दहा पावलांवर हाय. दहा पावलं चालायचा एवढा आळस?" मग लय उन्हाचं तुम्ही पुन्हा त्याच गावांना गेलात, दस्ती डोक्याला बांधून. मला त्यावरून परत कधी बोल लावला नाहीत. पालमकडची एक म्हातारी तेवढ्यात वारली होती. तिच्याकडच्या ज्वारीचं नाव घरात कुणालाच सांगता आलं नाही, आणि तुमच्याही ध्यानात नव्हतं. ते गेलं ते गेलंच.

तुमच्याच हट्टानं मी पुढं शिकले. आता पुण्यात मेमरीच्या चिपांचं काम करते. ती फ्लॉपी का गेली, ते मला आज नीट कळतं. लाइट जाईल या भीतीनं मी दर ओळीला सेव्ह करायची, आणि दर वेळी आतल्या मजकुराची यादी त्याच एका जागी पुसून लिहिली जायची. तिथलाच थर खरवडला गेला. म्हातारीची ज्वारी त्या फ्लॉपीवर बहुतेक शाबूत होती, सर. ती कुठं ठेवलीय हे सांगणारी जागा तेवढी झिजली होती. आजच्या चिपेतला प्रत्येक कप्पाही ठरावीक वेळाच लिहिणं सोसतो. म्हणून आमचा प्रोग्राम दर वेळी नवी जागा शोधतो, आणि जो मजकूर वर्षानुवर्षं हललेला नाही त्यालाही उठवून दुसरीकडं नेतो, म्हणजे त्याच्याखालची न झिजलेली जागा कामाला लागते. नवी पोरं विचारतात, मॅडम, निवांत पडलेल्याला कशाला उठवायचं? मी म्हणते, तो निवांत आहे म्हणूनच दुसरं कुणीतरी झिजतंय.

आता ते दहा पावलांचं सांगते. कपाटाची चावी हेडक्लार्ककडं असायची. बाकीच्यांना तो ती हातात द्यायचा. मला वीतभर वरून टेबलावर टाकायचा. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं होतं. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी चावी मागितली, तर चारचौघांत म्हणाला, "विद्यापीठ तर नेलंच तुमी. आता कपाटबी पायजे का?" सगळे हसले. चहा घेऊन आलेला माणूसही हसला. तुम्ही त्या दिवशी गावांकडं होतात. मी चावी उचलली, सोमवारची फ्लॉपी काढली, आणि त्यानंतर कपाटाकडं गेलेच नाही. संध्याकाळी फ्लॉपी माझ्या खणात ठेवायची, सकाळी तीच लावायची.

तुम्ही आळशी म्हणालात तेव्हा हे सगळं तोंडाशी आलं होतं. तुमचं घर आठवलं. काकू मला आत स्वयंपाकघरात बसवतायत, तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकतायत, तुम्ही शेजारच्या पाटावर, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि माझ्याच ताटातली मिरची उचलून खाताय. परभणीत मला असं दुसरं घर नव्हतं. मग वाटलं, समजा मी सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ दे पोरी, त्याचं काय मनावर घ्यायलीस?" तर मी कुठं जायचं? आळशी ठरणं मला झेपणार होतं, हे झेपलं नसतं.

काकू अजून त्याच घरात असतात. पत्ता पाठ आहे, पण हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही त्या क्लार्कला जाब विचारला असता, असं सगळे म्हणतील, काकू तर नक्कीच. मी तुम्हाला सांगूनच बघितलं नाही. मला तुमची खात्री नव्हती, सर.