मागचे पाटे मऊ करून घ्या

नांदेड,
२ एप्रिल १९८३

चि. व्यंकटराव यांस,
साहेबरावचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. नळाला पाणी येतं ते सरकारी पाव्हण्यासारखं, टेकतं न टेकतं तोच निघतं. तुमच्याकडची खबर तुम्ही कळवत नाही. पण निलंगा-औशाकडचे निम्मे ड्रायव्हर बेअरिंग घ्यायला माझ्याच दुकानात येतात, हे जावईबापू विसरतात.

दिवाळीपासून आपलं बोलणं नाही. असू द्या. हे पत्र जीपविषयी आहे, दुसऱ्या कशाविषयी नाही.

परवा केरबा ड्रायव्हर आला होता. म्हणाला, "साहेबराव, तुमच्या जावयाची जीप औशाच्या म्होरं उभी व्हती. बोनेट उघडं आन् आतून पिवळी वाफ."

मी म्हटलं, "वाफ पिवळी कशी असेल? उन्हानं डोळे गेले का तुझे?"

"हळद हाय की रेडिएटरात. गळती थांबाया टाकलीया म्हन्ले."

व्यंकटराव, हळद नवरदेवाला लावतात, रेडिएटरला नाही. एका दिवसापुरती गळती थांबते, हे मला कबूल. पण हीच हळद आतल्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. गळणारी जीप निदान रडत रडत घरी येते. नळ्या तुंबलेली जीप जिथं आहे तिथंच बसते.

तेव्हा एक करा. रेडिएटर उतरवून लातूरला डाग देणाऱ्याकडे न्या. वरची टाकी उघडून प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवायला लावा आणि गळकी जागा शोधून तिथं डाग द्यायला लावा. समोर उभं राहून करून घ्या. नवा जिल्हा झाल्यापासून लातूरचे कारागीर नुसत्या पाट्या रंगवण्यात गुंतलेत, असं ऐकतो. म्हणे ऑफिसाची पाटी आधी लागते, मग खुर्ची येते, मग साहेब येतात, आणि काम कधी येणार ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

पाणी भरताना बोअरचं खारं भरू नका, आत थर धरतो. टँकरचं फडक्यानं गाळून घ्या. आणि हंडे घेतलेल्या बायांच्या रांगेत पुढं घुसून रेडिएटर भरू नका. आधी त्यांचे हंडे, मग तुमची जीप. इंजिन तापलेलं असताना झाकण उघडायचं नाही. थंड होऊ द्यायचं, मग ओलं फडकं टाकून हळू फिरवायचं. फॅनबेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबून बघा, बोटाच्या पेराइतका आत गेला पाहिजे. जास्त गेला तर पंखा नुसता शोभेला फिरतो.

सरकारी लिलावात घेतलेली गाडी आहे, सुटे भाग लागत राहणार. दरवाजा, बंपर, डायनामो, सेल्फ हे जुनं मिळालं तर बघून घ्यावं. पण गाडी ज्यानं थांबते आणि ज्यानं वळते, ते जुनं कधी घ्यायचं नाही. ब्रेकची रबरं, टायरॉडचे गोळे नवेच घाला, आणि डबीवरचं नाव नीट वाचून. हल्ली एका अक्षराच्या फरकानं नकली माल येतो. ब्रेक दोनदा मारल्यावर लागत असेल, तर तो ब्रेक नाही, नवस आहे.

ही जीप भंगार आहे, हे मी दिवाळीत म्हणालो होतो. आजही म्हणतो. पण भंगारसुद्धा नीट चालवता येतं.

टँकरचा भोंगा वाजतोय. थांबतो.

आलो. ता. क.: सिंधूचा सातवा महिना कधी सरतो, हे तिच्या आईनं विचारायला सांगितलं आहे. मी विचारत नाही.

साहेबराव


नांदेड,
१५ एप्रिल १९८३

चि. व्यंकटराव यांस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. "मामा, समदं तुमच्या सांगण्यापरमानं केलं. रेडिएटरातली हळद बघून डाग देनारा म्हन्ला, भाजी कशाची व्हती?" यावर सिंधूची आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी हसलो नाही. मला कारागिराचं कौतुक वाटलं.

सातवा या महिन्याअखेरीस सरतो, असं तुम्ही शेवटी एका कोपऱ्यात लिहिलंत. ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही, पण ती तिनं माझ्या खांद्यावरून वाचली. तेव्हापासून घरात रोज एकच गोष्ट चालू आहे. आठवा लागला की बाईला वाटेला लावत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं पाहिजे. मी ऐकतो आणि दुकानात जातो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की परत घरी येतो. घरात पाऊल टाकलं की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू.

असो. जीपविषयी.

मागच्या चाकांवरचे पाटे, ज्यांच्यावर सगळा बोजा तोलला जातो, ते कधी सोडवलेत का? नसणारच. सरकारी गाडीचे पाटे गंजून एकाला एक चिकटलेले असतात, मग ते लवत नाहीत, आणि खड्ड्यातला दणका सरळ माणसाच्या मणक्यात जातो. सगळे सोडवून, घासून, मधे ग्रीस भरून परत बसवा. एखादा जादा पाटा घातलेला दिसला, तर काढून टाका. तुम्हाला काही सिमेंटची पोती न्यायची नाहीत. मागचे पाटे मऊ करून घ्या. टायरात हवा थोडी कमी ठेवा. पुढच्या सीटवर कापसाची गादी घाला, काथ्याची नको, काथ्या टोचतो. बाजूंनी ताडपत्रीचे पडदे शिवून घ्या, दुपारची झळ येते.

तुम्ही विचाराल, जीप भाड्यानं घेऊन दुष्काळ बघायला निघालेल्या साहेबांना एवढी गादी कशाला. ते तर थर्मासात बर्फाचं पाणी घेऊन येतात, कोरड्या विहिरीत डोकावतात आणि विहीर कोरडी आहे असं लिहून घेतात. त्यांच्यासाठी नाही. सीट बरी असावी, एवढंच.

लेकीनं दिवाळीत काय म्हटलं ते तुमच्या लक्षात असेलच, तुम्ही जवळच उभे होतात. नवी कापडं घालून मी जीपखाली शिरलो, बाहेर आलो आणि ही लोह्यापर्यंत पोचणार नाही असं म्हणालो. चार शेजारी ऐकत होते, मान्य. त्यावर सिंधूनं जाहीर केलं, "आता माहेरी येईन ती ह्याच जीपनं, न्हाई तर येणार न्हाई." माझीच लेक. तोंड कुठून आलं म्हणून कुणाला विचारायची सोय नाही.

तर गाडी दुरुस्त झाली, की ती लांबवर चालवून बघावी. गावातल्या गावात फिरवून खोट कळत नाही. निलंग्याहून लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड, एवढा पल्ला त्याला बरोबर आहे. अहमदपूर सोडलं की वेग कमी ठेवा. लोह्याच्या अलीकडे दुष्काळी कामावरची खडी पसरलीय आणि दाबायचा रोलर कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तिथं गाडी पहिल्या गिअरमध्ये, कडेकडेनं काढा. पहाटे निघालात तर उन्हाच्या आत पोचाल. मी दुकानात असतो. घरीही असतो.

फॅनबेल्ट आणि दोन्ही होज पाइप मारोतीजवळ देतो आहे. तो सोमवारच्या एस.टी.नं निघेल. माझा पुतण्या आहे, दोन लेकरांचा बाप आहे, माल वाटेत विसरणार नाही. बेल्ट त्याच्यासमोरच बसवून बघा.

आणि सिंधूला सांगा. काय सांगायचं ते तुम्हाला कळेलच.

साहेबराव


नांदेड,
२४ एप्रिल १९८३

चि. सिंधू,

आज जावईबापूंना लिहीत नाही. त्यांच्या जीपबद्दलचं माझं सगळं ज्ञान संपलं.

तुझं पत्र काल दुपारी आलं. दुकानात वाचलं. मग दुकान बंद केलं. लोकांना वाटलं कुणी वारलं की काय. घरी येऊन तुझ्या आईच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि घडी करून डब्याखाली ठेवलं, मग परत काढून वाचलं.

तू लिहिलंस ते इथं उतरवतो, कारण माझ्या डोक्यात ते सारखं फिरत राहिलंय आणि कागदावर आलं तर थांबेल असं वाटतं. "दादा, मारोतीदादा येणार हे ह्यांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं मला न्यायला मुऱ्हाळी आला. मी न्हाऊन, वेणी घालून, पिशवी भरून बसले. शेजारच्या रत्नम्माकाकूंनी ओटी भरली. त्यानं फॅनबेल्ट दिला, बसवून बघितला, चहा प्याला आणि चारच्या एस.टी.नं परत गेला. काकू रोज विचारतात, अजून निघाली न्हाईस? त्यांना काय सांगू? जीपचं मी रागात बोलले होते. तुम्ही सहा महिने जीपच धरून बसलात. दादा, मला गाडी नको होती. न्यायला माणूस हवं होतं."

मी मारोतीला बोलावलं. विचारलं, "सिंधूला घेऊन का आला न्हाईस रं?"

"काका, तुमी म्हन्लात बेल्ट द्या, बसवून बघा. म्या दिला, बसवला."

"दारात पिशवी दिसली नाही तुला?"

"दिसली की. मला वाटलं, त्यांच्यातलं कुनीतरी गावाला चाललंय."

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. हे तुला ऐकून नवल वाटेल. मी पाठवलं त्यासाठी तो गेला आणि सांगितलं तेवढं करून आला. नांदेडच्या सगळ्या दुकानांत इतका विश्वासू माणूस मिळायचा नाही.

तुझी आई चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "लेकीला आणाया मुऱ्हाळी जातो. पट्टा जात न्हाई." आणि भाकरी उलटली.

सिंधू, या घरात तुला भाऊ नाही. मुऱ्हाळी कोण, हा प्रश्न तुझ्या लग्नापासून या घरात आहे. पहिल्या पंचमीला तुला आणायला नरसिंगमामा आला होता, तो आता अंथरुणाला खिळलाय. मी मनाशी म्हणत होतो, लेक-जावई आपल्या गाडीनं येतील, जमाना बदलला, कुणी जायची गरज काय. खरं म्हणजे मला तुमच्या दारात उभं राहायचं नव्हतं. तिथं ती जीप उभी असणार, शेजारी असणार, आणि भंगार म्हणणारा माणूस एस.टी.नं धूळ खात आलेला त्यांना दिसणार. म्हणून मी रेडिएटर लिहिला, ब्रेक लिहिला, पाटे लिहिले. तू येण्याचा रस्ता गिअरसकट लिहिला. एवढा रस्ता लिहिण्याऐवजी तो कापून यायला एक दिवस लागला असता.

आठवा लागायला आता फार दिवस नाहीत. तुझ्या आईनं बोटं मोजून मोजून दुखवून घेतलीत. तिनं बाळंतविड्याचं सामान काढून ठेवलंय, टोपडी शिवलीत, तीही दोन मापांची, कारण लेकरू तुझ्या अंगलटीवर जाईल की जावयाच्या, यावर तिचा आणि शेजारणीचा वाद आहे. मी मधे बोललो नाही. शिकतोय.

उद्या पहिल्या एस.टी.नं निघतो. हे पत्र पोस्टात टाकत नाही. ते माझ्या आधी पोचणार नाही आणि माझ्यानंतर पोचून उपयोग नाही. खिशात ठेवतो. हे सगळं तोंडानं बोलायला गेलो तर मधेच तुझ्या सासरच्या दाराची कडी ढिली आहे असं काहीतरी काढीन आणि विषय संपेल. म्हणून लिहिलंय. तुझ्या हातात देईन, तू वाच.

रत्नम्माकाकूंना बोलाव, त्यांना पुन्हा ओटी भरू दे. मुऱ्हाळ्याला जेवायला घालायची रीत आहे, पण त्यात वेळ घालवू नका, अंधाराच्या आत पोचायचंय. जीपनं निघू. जावईबापू चालवतील, तू पुढं गादीवर बसशील, मी मागं. वाटेत आवाज झाला तर हा कसला आवाज असं मी विचारणार नाही. बंद पडली तर खाली उतरून ढकलीन. लोह्याच्या खडीवर तू बाहेर बघ, माझ्याकडे बघू नको.

वाचून झालं की काही बोलू नकोस. आत जा आणि पिशवी घेऊन बाहेर ये. मी हललेलो नसेन.

तुझ्या दारात उभा,
दादा