पहिल्या वर्षाचं पुस्तक मीच ठरवणार

१० जून १९९६, सोमवार
संस्थेनं अखेर मला डी.एड. कॉलेजच्या पुस्तक निवड समितीवर घेतलं. मास्तर होऊ घातलेल्या पोरापोरींना पहिल्या वर्षी ‘अध्यापनाची ओळख’ या विषयाला एकच पुस्तक लावायचं आहे. हे काम माझंच. मॅट्रिकला बसलो नाही हे खरं. वडील गेले, दुकानात बसावं लागलं. पण गिऱ्हाईक नसताना गादीवर बसून मी जे वाचलं, ते तासगावात दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही.
राग एकाच गोष्टीचा. प्राचार्या पद्मा मॅडमनी माझी ओळख ‘आपले कापडवाले शेठ’ अशी करून दिली. यापुढे सर म्हणा, असं उद्याच बजावणार.

११ जून
बजावलं नाही. मॅडम घाईत होत्या.

१४ जून, शुक्रवार
दोन पुस्तकं उरली. एक सुमंतचं लाडकं. सुमंत म्हणजे सांगलीहून रोज एस.टी.नं येणारा लेक्चरर, आत्ता कुठं मिशी फुटलेला. पुस्तक पातळ, पानोपानी चित्रं. लग्नपत्रिकेला याहून बरा कागद असतो. आणि चित्रातल्या मास्तरच्या शर्टाला बटणं डावीकडं! मास्तरला बायकांचा शर्ट घातलाय! मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, तिथं तुमचीच नजर जाणार, शेठ.
दुसरं माझं. जाडजूड, कापडी बांधणी, प्रत्येक गोष्टीला नियम. खडू कसा धरावा, शिक्षकाला शिंक आल्यास काय करावं, सगळं आहे. सर्वांत थोर नियम असा, की पाठाचं नाव मास्तरनं सांगायचं नाही. प्रश्न विचारत विचारत ते मुलांच्याच तोंडून काढायचं, मगच पुढं सरकायचं. याला म्हणतात शास्त्र.

१८ जून, मंगळवार
सुमंत भर मीटिंगमध्ये म्हणाला, हे पुस्तक पोरं वाचणार कधी, उचलतानाच दमतील. सगळे हसले. मी उसळलो. म्हटलं, चला सराव शाळेत. चौथीचे दोन वर्ग, पाठ एकच. तुम्ही तुमच्या पुस्तकाप्रमाणे घ्या, मी माझ्या. ज्याचा पाठ रंगेल त्याचं पुस्तक लावा. मॅडमनी लगेच होकार दिला. त्यांना मनातून माझंच पटलेलं दिसतंय.
घरी सौ. म्हणाली, अहो, तुम्ही कधी पोरांना शिकवलंय? आपल्या दोघांना पाढे घेताना रडवलंत, तेवढंच. मी पुस्तक उघडून बसलो.

२० जून, गुरुवार
पाठ उद्या. विषय बेट. प्रश्न काढले, आरशासमोर म्हटले. तिसऱ्याच प्रश्नाला ‘बेट’ हे उत्तर येतं. मीच देऊन पाहिलं.

२१ जून, शुक्रवार
डोकं फिरलंय.
विचारलं, चारी बाजूंना पाणी आणि मधे जमीन, तर त्याला काय म्हणतात? एक म्हणाला, विहीर. पाणी मधे असतं की कडेला, एवढंही कळेना! दुसरा म्हणाला, अवकाळी पडल्यावर आमचं बेदाण्याचं शेड. वर्ग हसला. यात हसण्यासारखं काय? मग वडूजकडून आलेल्या मेंढपाळाची पोर उठली, राणी नावाची. म्हणाली, गुरुजी, आमच्याकडं एका बाजूला बी पाणी न्हाई, चारी बाजूला कुठनं आणू? सुमंत दाराशी खोकत होता. खोकला कसला, हसू दाबत होता.
नियम म्हणजे नियम. नाव सांगितलं नाही. प्रश्न फिरवून विचारला, हळू विचारला, ओरडून विचारला. शेवटी तीच राणी म्हणाली, गुरुजी, तुमाला ठावं न्हाई व्हय? मग सांगा की तसं. आमी कुणाला तरी इचारून येतो.
तेवढ्यात घंटा झाली. शिपायाला वेळ पाळायची अक्कल नाही.
सुमंतनं शेजारच्या वर्गात काय केलं? परातीत पाणी ओतलं, मधे दगड ठेवला आणि म्हणाला, याला बेट म्हणतात. सांगून टाकलं! पोरं परातीभोवती, कपडे ओले, गलका. एक पोरगी मुंगी शोधायला पळाली, बेटावर राहायला कुणीतरी पाहिजे म्हणून. ही शिस्त?
मुलांनी मला मात्र ‘गुरुजी’ म्हटलं, हे नमूद करतो.

२४ जून, सोमवार
पातळ पुस्तक लावलं. एकमतानं! मी हात वर केला होता तो बोलायला. त्यांनी मत म्हणून मोजला. राजीनामा देणार.

२५ जून
राजीनामा लिहिला. इतका उत्तम उतरला की द्यायला जीव होईना.

१ जुलै, सोमवार
मॅडम स्वतः दुकानात आल्या. चूक कळली असावी, म्हणून खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. त्यांनी पिशवीतून कापडाचे तीन तुकडे काढले. मुलींच्या गणवेशाची साडी ठरवायची आहे म्हणाल्या. समितीवर तुम्ही एकटेच.
नकार ओठावर होता. पण पहिला तुकडा समोरच पडला होता. चिमटीत चोळला, भसाभस खळ निघाली. दुसरा पाण्यात धरला, रंग सुटला. तिसरा उजेडात धरला, वीण बघितली आणि म्हटलं, हा घ्या, दोन वर्षं मरण नाही. चहा यायच्या आत काम उरकलं.
मॅडम म्हणाल्या, शेठ, यात तुमचा हात कोण धरणार? आणि मी चक्क हसलो.
त्या गेल्या आणि हे ध्यानात आलं. तेव्हापासून संताप होतोय. कुणाचा, ते अजून ठरत नाही.