कुंकू लागलेली फ्लॉपी

बाई, तुमची ती फ्लॉपी चालली. अर्धी का होईना, पण चालली. हे आधीच सांगून टाकते, कारण कोणी पाल्हाळ लावला की तुम्ही चष्म्यावरून बघायचात, ते मी विसरलेली नाही. तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं होत आली. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि चौथीचंही निम्मं वर्ष आईबरोबर आपल्या गंगेवर, घाटावर फुलं विकण्यात गेलेलं. तरी हे पत्र मीच लिहितेय, सुनेला सांगून लिहून घेतलं नाही. अक्षर बघून हसू नका. ते तुम्हीच वळवलंय.

तुम्ही शिकवायचात तिथे आधी टायपिंगचा क्लास होता, मग मालकांनी टाइपरायटर काढले आणि दोन कॉम्प्युटर आणले. माणसांना पंखा आणि कॉम्प्युटरला एसी. मी झाडायला आणि पाणी भरायला. दुपारी क्लास रिकामा झाला की तुम्ही मागच्या मशीनवर बसायचात. काळ्या स्क्रीनवर हिरव्या चौकटी एकेक करून भरताय, आणि मी फडकं हातात धरून मागे उभी. हळूहळू त्यातून पैठणीच्या पदरावरचा मोर उभा राहतोय. तुमचं माहेर येवल्याचं, वडील विणकर. ते चौकटीच्या कागदावर मोर काढायचे आणि एक चौकट चुकली की सगळा कागद वाया जायचा, हे तुम्हीच सांगितलंत. इथे चूक पुसता येते, म्हणून हा खटाटोप. येवल्याचे एक काका एसटीने यायचे, प्रिंटरमधून कर्रकर्र करत निघालेला भोकाभोकांचा लांब कागद गुंडाळून न्यायचे, आणि दर वेळी म्हणायचे, मोर झालाय झकास, फक्त केकाटायचा राहिलाय.

फ्लॉपीवरच्या चिठ्ठ्या तुम्ही मला लिहायला लावल्यात. मी म्हटलं, बाई, मला कुठे येतंय. तुम्ही म्हणालात, न येणाराच नीट लिहितो. काय आहे, कोणी केलं, कुठून आलं, एवढ्या तीन गोष्टी. आणि चिठ्ठी आधी लिहायची, मग चिकटवायची, नाहीतर पेनाचा दाब आत उमटतो. "वस्तू कुठून आली ते लिहिलेलं नसलं, की ती चोरीची दिसते," हे तुमचं वाक्य. मी अजून घरातल्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा तीन ओळी लिहिते. सून वैतागते.

मग ती खंडेनवमी. आमच्याकडे विळा, कोयता, पाण्याची मोटर, सगळ्याची पूजा होते. मग क्लासातल्या यंत्रांनी काय पाप केलंय? मी सकाळी लवकर आले, दोन्ही कॉम्प्युटर झेंडूने सजवले, प्रिंटरला हळदकुंकू वाहिलं. टेबलावर तुमची मोराची फ्लॉपी होती, ती जुनी मोठी पातळ चौकोनी. तिच्या पाकिटाला लांबट फट असते आणि फटीतून आतली तपकिरी तबकडी दिसते. मला वाटलं, हाच हिचा जीव. तिथेच ओलं कुंकू टेकवलं, चांगलं अंगठ्याने. तुम्ही आलात, फ्लॉपी आत घातलीत आणि मशीन दाताखाली खडा आल्यासारखं वाजलं. तुम्ही ती बाहेर काढलीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "अगं, कपाळ समजून डोळ्यात बोट घातलंस."

दुसरी प्रत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत काढू म्हणत होतात. मोराचा छापलेला कागद पुढ्यात घेऊन तुम्ही सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिलात, दिवाळीनंतरही कितीतरी दिवस. पण या वेळी मालक शेजारी खुर्ची टाकून बसले आणि सुरुवातीला स्वतःचं नाव घालून घेतलं. पहिल्या फ्लॉपीत तिथे तुमचं नाव होतं. त्या मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून तुम्ही मोरासारख्याच चौकटी भरून नाव काढलं होतं. मी ते वाचलं होतं. तुम्ही भांडला नाहीत, म्हणालात मशीन त्यांचं आहे. मला राग आला, पण कोणत्या तोंडाने बोलणार? खराब फ्लॉपी तुम्ही माझ्या हातात दिलीत, घरी ने, फेकू नकोस. रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली.

दोनएक महिन्यांपूर्वी मालकांनी क्लासातलं जुनं कपाट आवरायला बोलावलं. कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या. जुने प्रोग्रॅम जपून ठेवायचे आणि कोणी केला, कुठे केला, कसा आला ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. मी म्हटलं, आमच्या बाईंचंच काम की हे. कपाटातल्या दुसऱ्या फ्लॉपीवरचा मोराचा प्रोग्रॅम लावला, मालकांचं नाव आलं, मॅडम तेच लिहायला लागल्या. मी केरसुणी ठेवली आणि सांगितलं, हा बाईंनी केलाय.

मालक हसले. "आता झाडणारी सांगणार का कॉम्प्युटरचं?"

"झाडणारीलाच माहीत असतं मालक, काय कोणाचं पडलंय ते."

मॅडमनी शांतपणे विचारलं, मावशी, पुरावा आहे का? मी रिक्षा करून घरी गेले आणि डबाच घेऊन आले.

त्यांनी ती फ्लॉपी नेली. पाकीट कापून तबकडी बाहेर काढली, कापसाने पुसली, दुसऱ्या पाकिटात घातली. महिन्याने आम्हा दोघांना बोलावलं. मोर मानेपर्यंतच आला, खाली नुसता कचरा. पण त्याच्या आधी हिरव्या चौकटींत तुमचं नाव आलं, अख्खं, काना-मात्रेसकट. मालकांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. मग म्हणाले, बाईंचं लिहा, क्लासचं नाव खाली राहू द्या. मी म्हटलं, राहू द्या, क्लास होताच की.

मॅडमनी कागद भरला. चिठ्ठीवरच्या तिन्ही ओळी माझ्याच अक्षरातल्या, त्या तशाच उतरवल्या. शेवटी त्यांनी विचारलं, जुन्या पाकिटाच्या फटीशी हा लाल डाग कसला? आणि बाई, मी, जी मालकांच्या तोंडावर बोलले, ती तिथे अडखळले. मी केलं म्हणून सांगवेना. म्हटलं, बाईंनी पूजा केली होती खंडेनवमीला. मॅडमना फार आवडलं ते. करणारीने स्वतः कुंकू वाहिलं, असं लिहूनही टाकलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, डब्यातच राहील, म्हणून लिहिते. त्या कागदावर तेवढी एक ओळ खोटी आहे. त्या सकाळी यंत्रांना कुंकू वाहून झाल्यावर मी क्लासातल्या पोरींना लावलं, मालकांच्या बायकोला लावलं. तुम्ही दाराशी उभ्या होतात. तुमचे यजमान गेलेले, म्हणून मी तबक तुमच्यासमोरून तसंच पुढे नेलं. फ्लॉपीवरून तुम्ही बोललात. त्यावरून कधीच नाही.